आपण पिल्लापुढे बोलत नव्हतो

जगदाळे दादा,

तुम्ही गेल्याचं कळलं त्या सकाळी केंद्र चालवणाऱ्या सरांनी आम्हां सगळ्यांना जखमी पशुपक्ष्यांच्या आपल्या केंद्राच्या अंगणात उभं केलं आणि दोन मिनिटं मौन पाळायला सांगितलं. अर्धं मिनिटही झालं नसेल, सरांचाच फोन वाजला. ते बाजूला जाऊन बोलून आले आणि म्हणाले, "चालो, थँक यू." मग ऑफिसकडे वळता वळता म्हणाले, "जगदाळेभाई पक्ष्यांना फार जीव लावायचे. थोडा जास्तच लावायचे."

माझ्या हातात माशांची बादली होती. मी ती खाली ठेवली, नाहीतर त्यांच्या अंगावर गेली असती. केंद्र सोडताना तुम्हाला नीट निरोप मिळाला नाही हे मला आठ महिने खुपत होतं, पण तुम्ही गेल्यावरही तो माणूस तेच खोटं अंगणात उभं राहून बोलला. तेव्हा मी ठरवलं की याला सोडायचं नाही. आणि आजपासून या वहीत मी त्याला 'ते' म्हणणार नाही, 'तो' म्हणणार आहे. तुम्हाला आवडणार नाही. नका आवडू देऊ.

आज तुमचा बारावा दिवस. मी तुमच्याशी सलग एवढं कधीच बोलले नाही. तुम्हीच तर मला न बोलण्यासाठी कामावर घेतलं होतंत. आठवतं का? मी भांडी आणि झाडलोटीचं काम विचारायला छाणी गावाच्या पुढे केंद्रावर आले होते. सर काहीतरी विचारत होता आणि मी पदराचं टोक पिळत उभी होते. तुम्ही दारातून बघत होतात. म्हणालात, "सर, हीच बाई पाहिजे. दहा मिनिटं झाली, एक शब्द नाही." सगळे हसले. मला वाटलं थट्टा केलीत. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला पिल्लांच्या खोलीत नेलंत आणि ओठांवर बोट ठेवलंत, तेव्हा कळलं की थट्टा नव्हती.

बाहेर चहा पिताना समजावलंत. आईबाप गेलेलं सारसासारखं पिल्लू आपण वाढवतो. त्यानं माणसाचा आवाज ऐकला, चेहरा पाहिला, की त्याला वाटतं हीच आपली जात. मग सोडल्यावरही ते माणसाकडेच येतं आणि मरतं. म्हणून खोलीत बोलायचं नाही, चेहरा दाखवायचा नाही, हातानं भरवायचं नाही. मी म्हटलं, "आई असती तर तिनं आवाज दिला असता की." तुम्ही म्हणालात, "आई सारस असती, वत्सला. तू वत्सला आहेस."

हे भांडण आपलं कधी संपलं नाही. मी म्हणायची की एवढ्या जिवाला एवढं गप्प ठेवणं पाप आहे. तुम्ही म्हणायचात की बोलणं हे आपल्या सुखासाठी असतं, त्याच्या नाही. नावाचंही तसंच. "नाव ठेवलं की हाक मारावीशी वाटते." "मग मनातल्या मनात ठेवलं तर?" "मनातलं तोंडात यायला काय वेळ लागतो?" शेवटच्या पिल्लाचं नाव मी मनात ठेवलं होतं, दादा. तुम्हाला सांगितलं नाही. इथेही लिहीत नाही.

ते सारसाचं पिल्लू एका शेतकऱ्यानं बादलीत भाताचा पेंढा घालून आणलं होतं. आईबाप विजेच्या तारेला लागून गेले होते. एवढंसं बदामी रंगाचं, पाय मात्र आत्तापासून लांब. तुम्ही मला म्हणालात, मान शिव. मी तुमच्या जुन्या मोज्यात कापूस भरून सारसाची मान केली, वर लाल कापड लावलं, चोचीच्या जागी लांब चिमटा. डोळ्याला नारिंगी बटण हवं म्हणून मी मांडवीच्या बाजारापर्यंत गेले आणि दुकानदारानं विचारलं, "किती पाहिजेत?" तर "दोनच" म्हणायला मला लाज वाटली आणि बारा घेऊन आले. तुम्ही त्या बारा बटणांवर आठवडाभर हसत होतात. अर्थात खोलीबाहेर.

चार महिने आपण राखाडी कापड डोक्यावरून घेऊन त्या खोलीत आणि मागच्या पाणथळीत वावरलो. तुम्ही पुढे चालायचात, वाकून चिमट्यानं चिखलातली गोगलगाय उचलायचात, पिल्लू मागून तेच करायचं. मी त्याच्या मागे. आपल्या हातांची भाषा तेव्हाच झाली. दोन बोटं म्हणजे मासे आण. पालथा पंजा म्हणजे झोपलंय. आणि केसांतून कंगवा फिरवल्यासारखं केलं की सर येतोय. ती खूण केल्यावर कापडाखाली तुमचे खांदे हलायचे, ते मला दिसायचं. माझ्या लग्नाच्या माणसाशी वीस वर्षांत जेवढी ओळख झाली नाही, तेवढी तुमच्या खांद्यांशी झाली. हे वाईट अर्थानं कोणी घेईल म्हणून मी कुठे बोलले नाही. तुमच्या घरी वहिनींना मात्र ते समजलं असतं, असं मला वाटतं.

मग रविवारचे पाहुणे सुरू झाले.

पहिल्या रविवारी सर एका कुटुंबाला घेऊन आला. केंद्राला मदत करणारी माणसं होती, मुलीचा वाढदिवस होता. तुम्ही दाराला हात लावून उभे राहिलात. तो म्हणाला, "जगदाळे, पाच मिनिट." तुम्ही म्हणालात, "सर, कापड तरी घेऊ द्या त्यांना." तो म्हणाला, "कापडात फोटो कसा येईल?" आणि ती सगळी माणसं रंगीत कपड्यांत, हसत, मोठमोठ्यानं बोलत आत गेली. मुलीनं पिल्लापुढे बिस्कीट धरलं. ते आधी मागे सरलं. मग घेतलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या रविवारी दुसरं कुटुंब. तिसऱ्या रविवारी तुम्ही सुट्टी असूनही आलात, फक्त दारात उभं राहायला. तो तुमच्या खांद्यावर हात ठेवून तुम्हाला बाजूला करून आत गेला, तेही प्रेमानं, "अरे दादा, बसो ने" म्हणत. चौथ्या रविवारी फाटकाबाहेर गाडी थांबल्याचा आवाज झाला आणि पिल्लू स्वतःच दाराशी येऊन उभं राहिलं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. त्या बघण्याला आपल्या भाषेत खूण नव्हती.

हिवाळ्यात त्याला सोडलं. मोठं झालं होतं, उडायला लागलं होतं. आठ दिवसांनी बातमी आली की ते रस्त्यावर येत होतं. कुठलीही गाडी थांबली की तिच्याकडे चालत जायचं. एक टेम्पो थांबला नाही.

जंगलखात्यानं विचारणा केली की पिल्लू माणसाळलं कसं. सरानं कागद तयार केला. ऑफिसातल्या हेतलनं तो कॉम्प्युटरवर लिहिला, कारण तिची तीच नोकरी. त्यात लिहिलं होतं की जगदाळे पिल्लाशी बोलत, त्याला हातानं भरवत, नावानं हाका मारत, आणि सांगूनही ऐकत नसत. तुमच्यावर! जो माणूस खोकला आला तरी खोलीबाहेर पळत जाऊन खोकायचा, त्याच्यावर.

त्या कागदावर खाली माझी सही आहे.

दादा, मी हे स्वतःलाही असं सांगत आले की कागद गुजरातीत होता. माझी चौथी मराठी शाळेतली. गुजराती अक्षरं मी दुकानांच्या पाट्यांवरून शिकले, ओळ लावायला वेळ लागतो. सरानं बोट ठेवलं, "वत्सलाबेन, अहीं," आणि मी सही केली. मला कळलंच नाही, असं मी आठ महिने म्हणत आले. पुढे काय ते पुढे लिहिते.

केंद्रातून कोणी जायला निघालं की आपली एक रीत आहे. सगळे अंगणात गोल बसतात. प्रत्येकानं जाणाऱ्याची एक आठवण सांगायची. मग जाणाऱ्यानं स्वतःच्या हातानं एक बरा झालेला जीव सोडायचा. ड्रायव्हर गेला तेव्हा त्यानं कासव सोडलं. डॉक्टरबाई सासरी गेल्या तेव्हा त्यांनी पोपटांची जोडी सोडली आणि आपणच रडल्या. दरवेळी माझी पाळी आली की मी नुसते हात जोडायची आणि सगळे म्हणायचे, "वत्सलाबेनचं झालं, पुढचं." तुम्ही हसून मान हलवायचात. आणि त्या कागदावरून तुम्हाला काढलं, तेव्हा गोल झालाच नाही. तुम्ही किल्ली ऑफिसात दिलीत, चपला घातल्यात, फाटकातून गेलात. मी नळावर बादल्या घासत होते. मी हात वर करून विचारलं, काय झालं? तुम्ही ओठांवर बोट ठेवलंत.

त्याचा मला अजून राग आहे. तिथे पिल्लू नव्हतं. तिथे बोलायला हवं होतं. चौकशीतही तुम्ही गप्प बसलात. कोणासाठी? मला वाचवायला, असं मला कधी कधी वाटतं, कारण तुम्ही तोंड उघडलं असतं तर मलाही विचारलं असतं. पण मला असं वाचवायला मी सांगितलं नव्हतं. मधे एकदा बाजारात भेटलात, हातात मेथी होती, तर घुबडाचा पंख जुळला का विचारलंत, पाणथळीला पाणी आहे का विचारलंत. सरचं नाव नाही. कागदाचं नाही. मी कागदाचं काढणार होते, तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "जा, उन्हात उभी राहू नकोस." आणि मी गेले. असं कोणी सांगितलं म्हणून जायचं असतं का?

तर आज सरचा निरोप होता. त्याला दुसऱ्या मोठ्या संस्थेत जागा मिळाली आहे. मंडप घातला होता, सेव उसळीचं पातेलं होतं, फुलं होती. मदत करणारी माणसं आली होती, नव्या संस्थेचे दोघे आले होते आणि जंगलखात्याचे अधिकारीही. मी दहा दिवस मासे चिरताना वाक्यं पाठ करत होते. खोटं कशाला बोलू, मला त्याचं वाईट व्हावं असं वाटत होतं. नुसतं खरं बाहेर यावं म्हणून नाही. त्याचा चेहरा उतरलेला मला बघायचा होता, आणि तो फुलांची माळ गळ्यात असताना उतरावा, असं वाटत होतं.

गोल सुरू झाला. एकानं सरच्या दूरदृष्टीबद्दल सांगितलं. एकानं पुरात तो कसा गुडघाभर पाण्यात उतरला ते सांगितलं. ते खरं आहे, तो उतरला होता. हेतल म्हणाली, "सरांनी मला टाइपिंग शिकवलं," आणि खाली बघत बसली. माझी पाळी आली. निवेदन करणारा म्हणाला, "आपल्या वत्सलाबेन तर नमस्कारच करणार." सगळे हसले.

मी उभी राहिले. मला गुजराती येतं, पण घाबरले की फक्त मराठी येतं. मराठीतच बोलले.

मी म्हटलं, "मला सरांची एक आठवण सांगायची आहे."

सर खूश झाला. "अरे वाह! वत्सलाबेन बोलणार!" त्यानं टाळी वाजवली.

मी म्हटलं, "सारसाचं पिल्लू होतं तेव्हा त्याच्यापुढे बोलायचं नाही असा नियम होता. जगदाळे दादांनी चार महिने तो पाळला. सरांनी चार रविवार पाहुणे आत नेले. कापड न घालता. बिस्किटं दिली. दादा दारात उभे राहिले, तर सरांनी त्यांना बाजूला केलं. पिल्लू गाडीखाली मेलं आणि सरांनी कागदावर लिहिलं की दादा त्याच्याशी बोलत होते. ही माझी आठवण."

एवढंच बोलले. मला वाटलं होतं माझा आवाज कापेल. नाही कापला.

सर म्हणाला, "वत्सलाबेन, तुमची तब्येत बरी आहे ना? दादा गेल्यापासून यांना त्रास झालाय." आणि निवेदकाला हात केला, पुढे चल. पण जंगलखात्याचे अधिकारी म्हणाले, "एक मिनिट. बेन, हे तुम्ही स्वतः पाहिलं?" मी हो म्हटलं. आणि तेवढ्यात हेतल उभी राहिली. तिचा चेहरा लाल झाला होता. म्हणाली, "साहेब, फोटा मारी पासे छे, माझ्याकडे आहेत. रविवारचे सगळे. तारखेसकट." सर म्हणाला, "हेतल, बेसी जा." ती म्हणाली, "ना, सर."

दादा, चेहरा उतरला. माळ गळ्यात होती. मी अगदी पोटभर बघितलं. मला वाटलं होतं नंतर वाईट वाटेल. नाही वाटलं. वढवाण्याच्या तलावाच्या बाजूला सापडलेली एक घार त्याच्या हातून सोडायची होती. तो पेटीशी गेला तेव्हा त्याच्याभोवती फोटो काढायला कोणी उभं राहिलं नाही. कडी त्याला उघडेना. मी पुढे होऊन उघडून दिली. घार गेली. तिचा काय दोष.

अधिकाऱ्यांनी हेतलला आणि मला ऑफिसात बोलावलं आहे. कागद पुन्हा उघडायचा म्हणाले. तुमचं नाव त्यातून निघेल, असं हेतल म्हणते. नव्या संस्थेचे ते दोघे सेव उसळ न खाताच गेले.

छाणीहून मी शटल रिक्षात बसले. घरी जायला समाला उतरायचं होतं. माझ्या डोक्यात सारखं तेच चाललं होतं, मी काय बोलले, तो कसा दिसला. आणि मग लक्षात आलं की मी सगळं सांगितलं पण सहीचं नाही सांगितलं. त्याचा कागद सांगितला आणि कागदाखालची सही गाळली. दहा दिवस वाक्यं पाठ केली, त्यात ते वाक्य एकदाही आलं नव्हतं. समा आलं, मी उतरले नाही. रिक्षा बदलून तुमच्या घरी तरसालीला गेले.

वहिनी जमिनीवर बसून उद्याच्या तेराव्याचे तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "ये. बस. तूही घे थोडे." मी मूठभर ताटात घेतले आणि खडे काढत काढत आधी सकाळचं सांगितलं. त्यांनी हात थांबवला. डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, "तू बोललीस? तू? ह्यांना खरं वाटलं नसतं."

तेव्हाच उठून आले असते तर चाललं असतं. पण मी सांगितलं. "वहिनी, त्या कागदावर माझी सही आहे." त्या म्हणाल्या, "तुला वाचता आलं नसेल, गुजरातीत असेल." दार उघडं करून दिल्यासारखं त्यांनी ते म्हटलं. मी म्हटलं, "आलं होतं. हळूहळू वाचलं मी. दादांचं नाव होतं त्या ओळीपर्यंत पोचले होते. कळलं होतं. मग सही केली. काम जाईल म्हणून."

दादा, हे मी पहिल्यांदा तोंडानं उच्चारलं.

माझ्या ताटातले तांदूळ वहिनींनी उचलून आपल्या ताटात ओतले. म्हणाल्या, "उद्या येऊ नकोस."

मी म्हटलं, "बरं."

"राग म्हणून सांगत नाही असं नाही. राग आहे म्हणूनच सांगतेय."

"हो वहिनी."

"वर्षश्राद्धाला ये. तोवर बघू."

मी पायांत चपला घातल्या. त्यांनी दारापर्यंत येऊन दिवा लावला, म्हणजे मला पायरी दिसावी.

तुम्हाला कागद दाखवला होता की नाही, खालची सही तुम्ही वाचलीत की नाही, हे आता मला कोण सांगणार? वाचली असेल तर बाजारात मेथीची जुडी हातात धरून घुबडाच्या पंखाची चौकशी करणारा माणूस केवढा होता. आणि नसेल वाचली, तर तुम्ही माझ्याबद्दल चुकीचा समज घेऊन गेलात. दोन्ही मला सोसत नाही.

सरला मी माफ करणार नाही. वहिनींनी मला केलं नाही, ते मला पटलं. उद्या तुमच्या घरी पानं मांडली जातील, सगळे जेवतील, तुमच्याबद्दल चांगलं बोलतील. मी घरी असेन. शेजारीण म्हणाली, जायचं नाही तर निदान उपास कर त्यांच्या नावानं. नाही करणार. उपास केला तर संध्याकाळपर्यंत मला देणं फिटल्यासारखं वाटेल. मी वरणभात लावेन आणि बसून पुरतं जेवेन.